खारीची मांडी आणि प्लॅस्टिकची डिश

डिश लाल झाली होती. व्हायला नको होती.

मी ती खिडकीच्या उजेडात धरली, मग मायक्रोस्कोपखाली ठेवली. लाल ठिपके होतेच. अलिझरिन नावाचा एक रंग असतो. कॅल्शियम सापडलं की तो त्याला चिकटतो आणि लाल दिसतो. डिशमध्ये कॅल्शियम साचतंय म्हणजे तिथे हाड तयार व्हायला लागलंय. आम्ही हाड वाढवत नव्हतो. आम्ही स्नायू वाढवत होतो, आणि त्याच आठवड्यात त्या पेशी खारीच्या मांडीत टोचायच्या होत्या.

खारी म्हणजे कुत्री. मुलुंड पूर्वेच्या सुमनताईंची. रंग अगदी चहात बुडवायच्या खारीसारखा, म्हणून नाव खारी. सुमनताई टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. एकट्या राहतात. पिल्लू असताना ही त्यांच्या जिन्यात येऊन झोपली, ती उठून गेलीच नाही. मांजराच्या मागे धावताना बिल्डिंगच्या गेटवरून उडी मारायला गेली आणि वरच्या लोखंडी टोकांवर अडकली. मागच्या मांडीचा स्नायू फाटला, थोडा काढूनच टाकावा लागला. बोरिवलीच्या डॉ. अनघा, प्राण्यांच्या सर्जन आणि माझी जुनी मैत्रीण, यांनी टाके घातले. पण गेलेला स्नायू टाक्यांनी परत येत नाही. म्हणून ती केस आमच्याकडे आली.

आमची लॅब अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. कंपनी जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवते, आणि वरच्या मजल्यावर आम्ही तिघं-चौघं प्राण्यांसाठी स्टेम सेलवर काम करतो. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. दहावी झालेल्या मुलासारखी. सायन्सला जाईल, कॉमर्सला जाईल, अजून काही ठरलेलं नसतं. हाडाच्या आतल्या मगजातून या पेशी मिळतात. त्या पुढे हाड होऊ शकतात, चरबी होऊ शकतात, योग्य ते खाणं दिलं तर स्नायूच्या वाटेलाही लागतात. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन आम्ही खारीच्याच मगजातल्या पेशी काढल्या होत्या. परक्या नकोत, तिच्याच तिला.

टोचण्याआधी शेवटची तपासणी म्हणून मी थोड्या पेशींवर अलिझरिन टाकलं होतं. नेहमीची पद्धत. कधी काही निघत नाही.

डिश घेऊन मी भागवत सरांच्या केबिनमध्ये गेले. सर आमचे डायरेक्टर. माणूस फार प्रेमळ, पण चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा.

"किती ठिपके आहेत?" त्यांनी विचारलं.

"थोडे."

"थोडे म्हणजे चालवून घेण्याइतके?"

"सर, मांडीच्या स्नायूत हाडाचा एवढासा खडा झाला तरी ती प्रत्येक पावलाला ओरडेल."

सर डिशकडे बघत राहिले. "मग नाही द्यायच्या. पण डॉक्टरांना तू सांग. मी सांगायला गेलो तर मी नरम पडेन."

अनघाला फोन केला. ती वैतागली. "मेधा, तुझ्या भरवशावर मी तारीख दिलीय गं."

"माहितीये. रद्द कर."

"कारण काय सांगू त्यांना?"

"मीच सांगते."

सुमनताईंना फोन करताना मला जास्त टेन्शन होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यभर लोकांचे फोन जोडल्यामुळे असेल, पण समोरच्याला पूर्ण बोलू द्यायची त्यांना सवय होती.

"म्हणजे माझ्या खारीच्या पेशी बिघडलेल्या निघाल्या?"

"नाही हो. पेशी चांगल्या आहेत. आमच्याकडे काहीतरी बिघडलंय."

"मग शोधा ना. चुकीचं काही टोचलं नाहीत हे बरं केलंत."

त्यांनी एक शब्दही वाकडा काढला नाही. त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

शोधायला सुरुवात केली. आधी मीडियम बघितलं. मीडियम म्हणजे पेशींचं जेवण, लालसर पातळ सूप. आम्ही त्यात स्नायूकडे वळवणारी द्रव्यं घालतो. नवीन बाटली उघडली, तेच झालं. मग त्यात मिसळायचं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदललं. इन्क्युबेटर बदलला. पाणी तपासलं. पेशींमध्ये कसला संसर्ग आहे का ते बघितलं. सगळं स्वच्छ. प्रत्येक वेळी बऱ्याच पेशी स्नायूकडे झुकायच्या, पण मध्येच कुठेतरी लाल ठिपके उमटायचेच. जेवण स्नायूचं, आणि पोरं हाडाच्या वर्गात जाऊन बसलेली.

मधे एकदा रक्त तपासायला सुमनताई खारीला टॅक्सीने लॅबमध्ये घेऊन आल्या. खारी रिसेप्शनच्या फरशीवर पसरली आणि आल्यागेल्याला शेपटी हलवून दाखवायला लागली. सिक्युरिटीचे यादव तिला बिस्कीट देऊ का म्हणून विचारून गेले. मी खाली बसून तिच्या चांगल्या मांडीवर हात ठेवला. ऊबदार, भरीव, दाबलं की आत जाणारी आणि सोडलं की परत वर येणारी मांडी.

वर गेले, हूडसमोर, म्हणजे जंतू येऊ न देणाऱ्या काचेच्या कपाटासमोर बसले आणि रिकामी डिश उचलली. ती टेबलाला लागली, टक्क आवाज झाला.

त्या आवाजावर मी थांबले. आमच्या सगळ्या पेशी प्लॅस्टिकच्या डिशवर वाढतात. जगभर तशाच वाढवतात. पारदर्शक, स्वस्त, स्वच्छ. पण स्नायूच्या मानाने ते प्लॅस्टिक म्हणजे दगड. मूळपेशी आपल्याखालची जमीन किती कडक आहे ते ओळखते आणि त्याप्रमाणे पुढे काय व्हायचं ते ठरवते, हे आमच्या क्षेत्रात आता माहीत आहे. मऊ जागेवर ती मज्जातंतूच्या पेशीसारखी लांब लांब हात काढते, मध्यम जागेवर स्नायूकडे जाते, कडक जागेवर हाडाकडे. पण हे सगळं आम्ही परिसंवादात ऐकायचो, टाळ्या वाजवायचो आणि परत येऊन त्याच प्लॅस्टिकवर काम करायचो. मीडियममध्ये आमचा एवढा जीव होता, की खाली काय आहे इकडे कोणी बघायचंच नाही.

पेशीला हे कळतं कसं? पेशी नुसती पडून राहत नाही. ती जमिनीला पकडते आणि ओढून बघते. वर्सोव्याच्या ओल्या वाळूत चालताना पाय कसा रुततो, आणि रस्त्यावर चालताना कसा ठाम पडतो, तसंच. जमीन ढिली असेल तर पेशीची ओढ ढिली पडते. जमीन हलत नसेल तर पेशीच्या आतले धागे ताणले जातात, आणि तो ताण थेट तिच्या केंद्रापर्यंत पोचतो. तिथे ठरतं, कुठल्या जनुकाला जागं करायचं आणि कुठल्याला झोपवायचं.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, ही डिश सगळं जग वापरतं."

"हो सर. आणि सगळ्या जगाला खारीच्या मांडीत पेशी टोचायच्या नाहीयेत."

"मऊ डिश कुठून आणणार?"

"खालून."

खालच्या मजल्यावर सावंत बसायचा. रत्नाकर सावंत, आमच्या पट्ट्यांवरचं जेल बनवणारा केमिस्ट. मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, हा दहिसरला वाढला. आधीची कित्येक वर्षं तो कॉन्टॅक्ट लेन्सच्या कंपनीत होता. डोळ्यात घालायची लेन्स म्हणजे पाणी धरून ठेवणारं मऊ जेलच. माझ्याच वयाचा, त्यामुळे अरेतुरे.

"सावंत, मला स्नायूइतकं मऊ जेल हवंय. पातळ थर, काचेवर बसवलेला."

"स्नायूइतकं मऊ म्हणजे किती?"

"तू सांग ना. तूच मोजतोस."

"माका काय म्हायत? मी डोळ्यांची कामं केली, मांड्यांची नाय." मग हसला. "बघू या."

दुसऱ्या दिवशी सावंत बाजारातून बोकडाच्या मांडीचं मटण घेऊनच ऑफिसला आला. एक तुकडा त्याने जेल दाबून बघायच्या मशीनखाली ठेवला. भागवत सर शुद्ध शाकाहारी. ते दारात आले, तुकडा बघितला आणि दारातूनच परत गेले.

"सावंत, मेल्यावर स्नायू आखडतो. हा आकडा काही उपयोगाचा नाही," मी म्हटलं.

"आधी नाय सांगायचं?"

"तू आधी विचारलंस?"

शेवटी छापील संशोधनातले आकडेच घ्यावे लागले. राहिलेलं मटण सावंतच्या बायकोने शिजवलं आणि त्याने ते डब्यातून आणलं. मशीनखाली न गेलेलं, असं त्याने शपथेवर सांगितलं. त्या महिन्यातला आमचा पहिला यशस्वी प्रयोग तोच.

जेल बनवायला सोपं होतं, टिकवायला कठीण. कडकपणा कमी-जास्त करायला त्यात एक जोडणारं द्रव्य असतं. ते जास्त टाकलं की जाळी घट्ट विणली जाते आणि जेल कडक होतं, कमी टाकलं की मऊ राहतं. सावंतने तीन प्रकार केले, मऊ, मध्यम आणि कडक. पहिल्या खेपेला मऊ जेल काचेवरून सुटून मीडियममध्ये तरंगायला लागलं. ते जमलं तर पेशी चिकटेनात, कारण नुसत्या जेलवर त्यांना पकडायला काही नसतं. मग वर कोलॅजेनचा पातळ हात दिला. कोलॅजेन म्हणजे शरीरातलंच एक प्रोटीन, पेशींच्या ओळखीचं. तिन्ही जेलना सारखाच हात. म्हणजे फरक पडला तर तो फक्त कडकपणाचा.

पेशी चिकटल्या. आम्ही वाट बघितली. रंग टाकला.

मध्यम जेलवर पुन्हा लाल ठिपके.

सावंत माझ्या खांद्यावरून बघत होता. "वाट लागली. माझं जेल फुकट गेलं?"

मी डिश बाजूला ठेवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही वाटलं, आपण उगाच मोठ्या गोष्टी केल्या. घरी जाताना अनघाला फोन केला. तिला फक्त रडगाणं ऐकवायचं होतं. ती क्लिनिकमध्ये कुठल्यातरी मांजराला पट्टी बांधत होती. म्हणाली, "प्लास्टरमध्ये पाय ठेवला ना, की प्लास्टर काढल्यावर पण कुत्रं बरेच दिवस तसाच ताठ पाय टाकत चालतं. तुझ्या पेशी आधी कुठे होत्या?"

"प्लॅस्टिकवर."

"किती दिवस?"

मी मनात दिवस मोजले. उत्तर होतं, खूप. खारीकडून पेशी काढल्यापासून त्यांची संख्या वाढवेपर्यंत सगळा काळ त्या प्लॅस्टिकवरच होत्या. पेशींना जमिनीची आठवण राहते. कडक जागेवर जास्त दिवस राहिलेली पेशी मऊ जागेवर आणली तरी कडक जागेसारखीच वागत राहते. थोडे दिवस असतील तर विसरते, फार झाले तर नाही.

सुदैवाने सुरुवातीच्या थोड्या पेशी आम्ही द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या होत्या. त्यांनी प्लॅस्टिक जेमतेम बघितलं होतं. त्या वितळवल्या आणि सरळ सावंतच्या जेलवर सोडल्या. आता संख्या वाढायला वेळ लागणार होता. जेलवर पेशी सावकाश वाढतात. सावंत रोज जेवणानंतर वर यायचा आणि इन्क्युबेटरच्या काचेतून बघून जायचा. बघून त्याला काहीही दिसत नव्हतं. तरी यायचा.

या वेळी कडक जेलवर लाल ठिपके भरपूर आले. मऊ जेलवर पेशींना बारीक फांद्या फुटल्या होत्या. आणि मध्यम जेलवर लाल काहीच नाही. तिथे पेशी लांबट झाल्या होत्या, एका दिशेला ओळीने निजलेल्या. स्नायूचं प्रोटीन दाखवणारा हिरवा रंग टाकला तर ओळीच्या ओळी हिरव्या चमकल्या. जेवण तेच, पेशी त्याच, एकाच आईच्या. फक्त अंथरूण वेगळं.

भागवत सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. "झकास," ते म्हणाले. सरांच्या तोंडून हा शब्द आम्ही कोणी कधी ऐकला नव्हता. सावंतने माझ्याकडे बघितलं. "माझी लेन्स गो," एवढंच म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

मी लगेच अनघाला फोन केला. ती म्हणाली, "खारीला एकदा बघून घेऊ. तुम्ही दोघं या."

सावंत आणि मी बोरिवलीला तिच्या क्लिनिकवर गेलो. सुमनताई आधीच आल्या होत्या. खारी टेबलावर उभी होती आणि सावंतचा हात हुंगत होती. त्याच्या हाताला कसला वास येत होता देव जाणे. अनघाने मांडीची सोनोग्राफी केली. मग हाताने चाचपून बघितलं. मग माझा हात धरून त्याच जागी ठेवला.

मांडीत दोरखंडासारखं काहीतरी लागत होतं. कडक, ताणलेलं. स्नायू गेला तिथे शरीराने आपल्या पद्धतीने भर घातली होती, व्रणाची. व्रणाचं मांस स्नायूपेक्षा कितीतरी कडक असतं. त्यात आमच्या हिरव्या ओळीतल्या पेशी सोडल्या तर काय होणार, हे आम्ही दोघांनी नुकतंच स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. सावंतने पण दाबून बघितलं. त्याने हात काढला आणि खारीच्या डोक्यावर ठेवला.

"काय झालं?" सुमनताईंनी विचारलं.

मीच सांगितलं. "ताई, आता पेशी बरोबर आहेत. पण जागा बरोबर नाही राहिली. व्रण कडक झालाय. त्यात पेशी टाकल्या तर त्या स्नायू होतीलच असं नाही. व्रणच वाढेल, किंवा हाड."

"तुम्हाला शोधायला वेळ लागला म्हणून?"

"हो."

त्या खारीच्या कानामागे खाजवत राहिल्या. "दुसरं काही करता येईल?"

अनघा म्हणाली, "ऑपरेशन करून व्रणाचा तो पट्टा सोडवता येईल. मग रोज व्यायाम. पाय पूर्वीसारखा नाही होणार. पण खाली टेकेल."

"आणि तेव्हा पेशी टाकल्या तर? व्रण काढल्यावर?"

तो रस्ता होता. माझ्या मनात तो व्रणाला हात लागल्यापासून घोळत होता. व्रण काढल्यावर तिथे थोडे दिवस मऊ जागा मिळाली असती. माझी उत्सुकता मला काय उत्तर द्यायला सांगत होती, तेही मला कळत होतं.

सुमनताईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमची असती तर टाकल्या असत्या?"

"नाही," मी म्हणाले. "व्रण पुन्हा किती लवकर कडक होईल, मला माहीत नाही. आधीच एवढं सोसलेल्या कुत्रीवर मी ते बघायला गेले नसते."

"मग नकोच. पट्टा सोडवा डॉक्टर. व्यायाम मी करून घेईन."

येताना सावंतने आणि मी टॅक्सी केली. गोरेगावच्या आसपास तो म्हणाला, "बाईने तुझं ऐकलं यार. मी असतो तर 'नाही' म्हणायला घाबरलो असतो." मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसत होतं, म्हणून त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

ऑपरेशन नीट झालं. सुमनताईंनी घरात मोठा टब आणला, कोमट पाण्यात खारीला उभी करून पाय हलवून घ्यायच्या. आधी ती चावायला बघायची, मग टब दिसला की स्वतःच जाऊन उभी राहायला लागली. आता ती चारही पायांवर चालते. जराशी लंगडते. दोन जिने चढून घरी जाते, उतरताना मात्र उचलून घ्यावी लागते, आणि मला वाटतं तिला ते आवडतं.

आमच्याकडे बऱ्याच गोष्टी बदलल्या. स्नायूसाठीच्या पेशी आता पहिल्या दिवसापासून जेलवरच वाढतात. भागवत सरांनी सावंतला अर्धा वेळ वरच्या मजल्यावर दिलाय, म्हणजे तो पूर्ण वेळ वरच असतो. पुढे अनघाने एक लॅब्रेडॉर पाठवला, जखम ताजी असतानाच. त्याला पेशी दिल्या. गेलेला सगळा स्नायू आला नाही, थोडा आला. हाड आलं नाही. मालक खूश आहे, कुत्रा त्याहून खूश आहे, आम्ही सावध आहोत.

आधी केस आली की मी विचारायचे, पेशी किती मिळतील? आता पहिला प्रश्न असतो, जखम किती जुनी आहे? उत्तर "बरेच महिने झाले" असं आलं, तर मी अनघाला सरळ सांगते, तू ऑपरेशनची तयारी कर, माझं इथे काम नाही. असं सांगायला लागल्यापासून आमच्या केसेस कमी झाल्या आणि बऱ्या होणाऱ्या वाढल्या.